धरलेली जागा

धुळ्यातल्या आमच्या झुंबाच्या क्लासला एक अक्का येतात, पदर खोचून. सगळ्या डावीकडे वळल्या की या हमखास उजवीकडे वळतात आणि समोर आलेल्या बाईला हसून नमस्कार करतात. एसटीत सीट धरावी तसा शेजारी रुमाल टाकून रोज माझी जागा धरतात. मी आले की मग तोच रुमाल घाम पुसायला.

मध्ये कंटाळून मी जायचंच बंद केलं. परवा क्लास सोडते म्हणून सांगायला गेले, तर अक्का एका नव्या बाईला बाजूला सारत अहिराणीत दटावत होत्या, "आठे नको, हाई जागा भरेल शे!" फरशीवर रुमाल होता.

मला पाहताच त्यांनी तो उचलला. "आलीस एकदाची! इतके दिवस घाम पदरालाच पुसतेय मी."

मी दारातच चपला काढल्या. गाणं लागलं, सगळ्या डावीकडे वळल्या आणि आम्ही दोघी उजवीकडे.