न सांगितलेला बोर्ड

बँकेत नवीन माणूस बदलून आला की कोणीतरी त्याला हमखास सांगायचं, या मॅडम कॅरमच्या चँपियन, नॅशनल खेळून आल्या आहेत. समोरचा हसायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं भांडतात तो खेळ, त्यात नॅशनल कसलं? मी आधीच डोक्याने गरम. त्याला तिथल्या तिथे दोन शब्द ऐकवायची. पण माझी पहिली मोठी फायनल कोणाशी झाली असं कोणी विचारलं, की माझी सगळी ऐट उतरायची. "आमच्याच गल्लीतल्या एक वहिनी होत्या," एवढं बोलून मी लेजर उघडायची.

त्या वहिनी आमच्या समोरच्या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा मी आठ वर्षांची होते. नागपूरचं प्रताप नगर तेव्हा अर्धं वस्तीत आणि अर्धं शेतात होतं. वहिनी पारशिवनी गावच्या. सुनेबरोबर आलेली भांडीकुंडी सासूबाई बायांना दाखवत होत्या, आणि त्यात चादरीत गुंडाळलेला एक कॅरम बोर्ड निघाला. सासूबाईंना वाटलं पाट आहे, आणि एवढा मोठा पाट कशाला म्हणून त्यांनी नाक मुरडलं. वहिनी दोन भावांत खेळून वाढलेल्या. मधल्या बोटाने अशी हलकी टिचकी मारायच्या की स्ट्रायकर गेला हे आवाजावरून कळायचंच नाही, सोंगटी पॉकेटमध्ये पडली की कळायचं.

दुपारी सासूबाई झोपल्या की ओसरीवर बोर्ड यायचा आणि मी त्यांच्यासमोर बसायची. मला जे काही आलं ते त्या ओसरीवर आलं. बोरिक पावडर किती टाकायची, जुन्या लुगड्याच्या तुकड्याने ती कशी पुसायची, नख कुठवर कापायचं. मॅच असली की दोन दिवस आधी वहिनी कणीक मळायच्या नाहीत. बोट मुरगळलं असं सासूबाईंना सांगायच्या, आणि सासूबाई बिचाऱ्या त्या बोटाला हळद लावून द्यायच्या. हळद लागलेल्या बोटाने त्या माझ्यावर पंचवीस पंचवीस पॉइंटांनी चढायच्या.

पण त्यांनी शिकवलेली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे बोर्ड सांगणं. बाहेरच्या माणसाला वाटतं, कॅरम बोर्ड म्हणजे एक गुळगुळीत लाकूड. तसं नसतं. नागपूरच्या मे महिन्यात बोर्ड इतका सुकतो की सोंगट्या नुसत्या पळतात. पावसाळ्यात तोच बोर्ड ओल धरतो, कुठे फुगतो, कुठे दबतो, आणि सरळ मारलेली सोंगटी एका अंगाला ओढली जाते. बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, बसलेल्याच्या बोटालाच कळतं. म्हणून आमच्यात रीत होती, की जो आधी बसून हात मोकळा करेल त्याने मागाहून येणाऱ्याला बोर्ड सांगायचा. मग तो येणारा दुश्मन का असेना. नियमांच्या पुस्तकात हे कुठे नाही. पारशिवनीला वहिनींच्या भावांनी पाळलं, वहिनींनी पाळलं, आणि पुढे बजाजनगरपलीकडच्या एका वाचनालयात बायकांचं कॅरम सुरू झालं तेव्हा त्यांच्यामुळे आम्ही सात-आठ जणींनी पाळलं. हरलेली बाई पंचाशी भांडायची, स्ट्रायकर आपटायची, पण बोर्ड खोटा सांगितला असं कोणी कोणाला कधी म्हटलं नाही.

मी एकवीस वर्षांची झाले त्या वर्षी नॅशनलसाठी आमच्याकडून एकच बाई जाणार होती. वाचनालयाच्या हॉलमध्ये गणपतीच्या दिवसांत मॅचेस झाल्या आणि फायनलला आम्ही दोघीच उरलो, वहिनी आणि मी. गल्लीत मोठी मौज झाली. कोणीही गेलं तरी बक्षीस घरातच येणार, असं माझे वडील म्हणाले.

वहिनींच्या घरात मात्र मौज नव्हती. त्या तेहतीस वर्षांच्या होत्या, मुलगी चौथीत होती. दादांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, सांगून टाकलं होतं की निवड झाली तर मी स्वतः गाडीत बसवून देईन, नाही झाली तर आता पुरे. दादा वाईट नव्हते. रोज आईचं ऐकून कंटाळले होते. वहिनींनी हे मला स्वतः सांगितलं होतं, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

आणि मला काय हवं होतं? एका बँकेत खेळाडूंची भरती होणार होती आणि नॅशनल खेळलेल्या मुलीचा विचार होईल असं कळलं होतं. पण खरं सांगायचं तर नोकरी हा बहाणा झाला. मला सगळे 'वहिनींची चेली' म्हणायचे. मी कितीही चांगलं खेळले तरी शाबासकी त्यांना मिळायची, शिकवलं बघा कसं. त्याने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला एकदा, फक्त एकदा, कोणाचीही चेली नसलेली बाई म्हणून जिंकायचं होतं.

फायनलच्या आदल्या दिवशी छत गळून नेहमीचा बोर्ड भिजला. म्हणून मागच्या खोलीतला दुसरा बोर्ड काढला आणि खिडकीजवळच्या स्टुलावर मांडला. फायनलच्या दिवशी मांडायला मीच लवकर गेले होते. पावडर टाकून अर्धा तास एकटी बसले आणि पाचव्या-सहाव्या फटक्याला बोटाला कळलं. बोर्ड खिडकीकडे ओढत होता. त्या बाजूच्या पॉकेटकडे हलक्या हाताने मारलेली सोंगटी तोंडाशी जाऊन बोटभर सरकायची आणि अडकायची. जोरात मारलं तर जायची. किंवा मारतानाच बोटभर अलीकडे धरायचं. मी सात-आठ वेळा मारून पाहिलं आणि हिशेब पक्का बसवला. वहिनींचा सगळा खेळ हलक्या हाताचा होता, हे मला त्या वेळी सुचलं नाही असंही मी म्हणू शकत नाही.

वहिनी आल्या. नवी सुती साडी, केसांत गजरा. माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कसा हाय वं बोर्ड?"

"सरळ आहे," मी म्हटलं.

एवढंच. त्या बरं म्हणाल्या आणि बसल्या. शिरस्त्याप्रमाणे दोन फटके त्यांनाही मिळायचे. ते त्यांनी माझ्या बाजूच्या, खिडकीपासून दूरच्या पॉकेटला मारले, दोन्ही गेले.

पहिला गेम त्यांनी घेतला, कारण सोंगट्याच तशा पडल्या. दुसऱ्यात बोर्ड आपलं काम करू लागला. त्यांची एक हक्काची सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी थांबली, मग दुसरी. आता, वहिनी इतक्या कच्च्या खेळाडू नव्हत्या. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं, किंवा कोणीच सांगितलं नसतं, तर तिसऱ्या सोंगटीला त्यांनी बोर्ड ओळखला असता. पण बोर्ड मी सांगितला होता. त्यामुळे त्यांनी बोर्डाकडे पाहिलंच नाही. त्या आपल्या बोटाकडे पाहू लागल्या. नख पाहिलं, बोट पदराला पुसलं, दुसऱ्या हाताने चोळलं. मी समोर बसून हे सगळं पाहत होते आणि सोंगट्या बोटभर अलीकडे धरून मारत होते. तो गेम मी घेतला.

तिसऱ्या गेममध्ये त्यांनी राणी घेतली. राणी घेतली की लगेच पुढच्या फटक्याला आपली एक सोंगटी टाकून ती पक्की करावी लागते, नाही तर राणी परत मध्ये येते. त्यांची सोंगटी खिडकीकडच्या पॉकेटसमोर उभी होती. लहान पोरानेही टाकली असती अशी. वहिनींनी श्वास रोखून हलकेच टिचकी मारली, सोंगटी तोंडाशी गेली, सरकली आणि थांबली. राणी परत आली, ती मी घेतली आणि तिच्याबरोबर गेमही. टाळ्या वाजल्या. वहिनींनी उठून मला जवळ घेतलं. त्या रडल्या नाहीत, मी रडले. लोकांना वाटलं, आनंदाने.

घरी आम्ही एकाच सायकलरिक्षात आलो. त्या वाटेबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण फायनलपेक्षा मोठं पाप मी त्या रिक्षात केलं. वहिनी उजवा हात मांडीवर ठेवून बोट उघडत मिटत होत्या. बजाजनगर मागे पडलं. मग म्हणाल्या, "माह्या हाताले काही झालं वं. बोट ऐकूनच नाही राहिलं."

तेव्हा सांगता आलं असतं. रिक्षावाल्याशिवाय ऐकणारं कोणी नव्हतं. त्या रागावल्या असत्या, कदाचित फायनल पुन्हा घ्या म्हणाल्या असत्या, आणि बहुतेक काहीच म्हणाल्या नसत्या. मी म्हटलं, "होतं असं कधी कधी, वहिनी. थकवा असेल." वर त्यांचं बोट हातात घेऊन चोळलंही. मी इतकी गोड वागले की आजही आठवलं तर स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी नॅशनलला गेले आणि दुसऱ्या फेरीत हरून परत आले. बँकेत लागले. पुढे नऊ वर्षं खेळले, लोकांनी नाव घ्यावं इतपत जिंकले. कोणी बोर्ड कसा आहे म्हणून विचारलं की मी एवढं बारीक सांगायची, की मुली म्हणायच्या, ताई, आता तुम्हीच खेळा आमच्याकडून. त्याने माझ्या मनावरचं ओझं तसूभरही कमी झालं नाही.

वहिनींनी खेळ सोडला. तो दादांच्या शब्दाने सुटला असता तर मी कदाचित मनाची समजूत घातली असती. पण दादाच एकदा म्हणाले, घरी तरी खेळत जा, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. बोर्ड भावाबरोबर पारशिवनीला पाठवून दिला. दारात बारीक रेघेची रांगोळी काढायच्या, ती बंद झाली. भोकं पाडलेल्या डब्याने रांगोळी उठवायला लागल्या. सुईत दोरा ओवायचा तर मुलीला हाक मारायच्या. कोणी काही नाजूक काम सांगितलं की हसून म्हणायच्या, माझ्या हाताचा भरवसा नाही. ऐकता ऐकता गल्लीनेही ते मान्य केलं. वहिनींचा हात कापतो, हे एखाद्याच्या चष्म्यासारखं सगळ्यांना माहीत झालं. मी रोज समोरून जायची. रोज वाटायचं, आज सांगू. मग मनात यायचं, इतक्या वर्षांनी सांगून काय फायदा. लग्न होऊन मी दुसऱ्या मोहल्ल्यात गेले तेव्हा, लाज वाटते सांगायला, मला हायसं वाटलं.

फायनलला बारा वर्षं झाली तेव्हा त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मी मदतीला गेले. पुढच्या खोलीत बाया रुखवत मांडत होत्या आणि एका पाटीवर नवरा-नवरीचं नाव रंगाने लिहायचं होतं. कोणीतरी वहिनींना हाक मारली. त्यांनी आतूनच सांगितलं, "नोका मले सांगू, माहा हात कापते."

मी मागच्या ओसरीत त्यांच्याजवळ बसले होते. त्या अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या. एकेक कातरी कागदासारखी पातळ पडत होती, एकीसारखी दुसरी. थरथरणं तर सोडाच, बोट जराही हलत नव्हतं. मी त्या हाताकडे पाहिलं आणि मला बसवेना.

मी सगळं सांगितलं. बोर्ड खिडकीकडे ओढत होता, मला आधीच कळलं होतं, मी खोटं सांगितलं, रिक्षातही बोलले नाही. पुढे माफीचं बोलायचं मी बारा वर्षं मनात घोकून ठेवलं होतं. तिथवर पोहोचायच्या आधी त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"म्हणजे माहा हात चांगला होता?"

"हो, वहिनी."

"त्या दिवशी चांगला होता. अन् मंग?"

"नंतरही. तुमच्या हाताला कधीच काही झालं नव्हतं."

मला वाटलं, आता त्या ओरडतील. माझी तयारी होती. एक कानशिलात बसली असती तर मी उपकार मानले असते. पण फायनलचं त्यांनी नावही काढलं नाही. उजवा हात समोर धरला, बोटं पसरली, आणि दुसऱ्याच कोणाचा असावा तसा तो निरखत राहिल्या.

"मंग मी काहून सोडलं वं?" त्या म्हणाल्या.

मला वाटलं, का सोडलं ते मलाच विचारतायत. मी काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि मला दिसलं की त्या माझ्याकडे बघतच नाहीत. तेवढ्यात आतून त्यांना बोलावणं आलं. त्या उठल्या, पदर नीट केला आणि मुलीच्या लग्नाच्या कामाला गेल्या. लग्नात त्यांनी मला आग्रह करून जेवू घातलं, निघताना ओटी भरली, पुढेही सणावाराला बोलावत राहिल्या. माफी मागायची तेवढी राहिलीच आहे. ती मागायची तर आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं, आणि ते उत्तर मीच आहे, हे त्यांच्या तोंडावर म्हणायची हिंमत मला अजून झालेली नाही.