खदराचा बुर्नूस

मसाद गावातल्या एका घरात सकाळी मबरूका तव्यावरची जाड भाकर उलटत होती आणि तिची मोठी जाऊ खदरा उन्हात बसून कॉफी गार झाल्याची तक्रार करत होती. तेवढ्यात दार वाजलं. शेजारची तूनस आली होती.

"मावशी, गुरुवारी पोरीची पाठवणी. खदराचा बुर्नूस द्याल ना?"

"घेऊन जा गं! माझाच आहे," खदरा बसल्या जागेवरून म्हणाली.

मबरूकाचं बोट तव्याला चिकटलं. पण चटका बसला तो त्या नावाचा.

तो टोपीवाला, बिनबाह्यांचा झगा विणला खदरानंच, हे खरं. पण त्यासाठी उंटाची निसरडी लोकर अख्खा हिवाळा चातीवर कातली ती मबरूकानं, नवी नवरी असताना. नणंदेच्या लग्नात सासऱ्यांनी तो पहिल्यांदा अंगावर घेतला आणि त्याच्या पंखाखाली लेकीला उंबऱ्याबाहेर काढलं. पाहुण्यांनी कापड चाचपून विचारलं, कुणाचं काम? सासरे म्हणाले, "आमच्या खदराचं." झालं! तेव्हापासून गल्लीतली प्रत्येक लेक 'खदराच्या बुर्नूसा'खालून सासरी गेली. दर वेळी पेटीतून तो काढून द्यायची मात्र मबरूका.

"त्याला कसर लागलीय," ती म्हणून गेली.

"कसर? परवाच तर उन्हात घातलास. झटकून झटकून माझ्या डोळ्यांत धूळ घातलीस की!"

"तुमच्या डोळ्यांना आता दिसतंय काय, जाऊबाई?"

"तुझं जळणं दिसतं. त्याला डोळे लागत नाहीत."

तूनस चुळबुळली. "नसेल जमत तर राहू दे, मावशी. पण तिचे अब्बा म्हणतात, पोरगी दुसऱ्या कशाखाली निघायची नाही."

मबरूकानं भाकर उतरवली, हात पुसले. तूनसच्या पोरीला तिनंच पाळण्यात झोपवलं होतं. ती आत गेली, पेटी उघडली. झगा अजून मऊ होता. बोटं त्यावरून फिरली तेव्हा आपलं सूत तिला लगेच ओळखू आलं. बाहेर येऊन तिनं तो तूनसच्या हातांत ठेवला, पण टोक सोडलं नाही.

"विणला जाऊबाईंनीच, मी नाही म्हणत नाही," ती खदराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पण गुरुवारी दारात बायका कुणाचा म्हणून विचारतील, तेव्हा एवढंच सांग. सूत मबरूकाचं."