मराठीत बोललं की कुणाला कळत नाही, म्हणे!

मंडळी, आज माझी मलाच लाज वाटतेय.

संध्याकाळी माझा मित्र नीलेश याच्याबरोबर बेसबॉलची मॅच बघायला गेलो होतो. आमच्या टीमने नुकताच परेरा नावाचा आउटफिल्डर, म्हणजे मैदानात मागे लांब उभा राहणारा फिल्डर, साइन केलाय. आडनावावरून आम्ही त्याला परस्पर ब्राझीलचा करून टाकला होता.

इथे आखातात, अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट असो की मॉल, कुणाबद्दल वाईट बोलायचं असलं की आपण बिनधास्त मराठीत बोलतो. आजही तेच.

"थ्रो बरा आहे, पण धावतो कसा बघ. म्हैस परवडली," नीलेश म्हणाला.

"आउटफिल्डर लागतात तीन, ते आधीच आहेत, याला खेळवणार कुठे? वशिल्याने आला असणार," मी म्हणालो. तेही मोठ्याने.

पुढच्या रांगेतल्या काकू मॅच संपेपर्यंत एकदाही मागे वळल्या नाहीत. मग वळल्या.

"आम्ही वसईचे. तो माझा मुलगा."



निघताना काकू म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी पण या हं. नवीन आहे तो. त्याच्यासाठी ओरडायला इथे आपलं कुणी नाही."

जायचं तर आहेच. पण त्या माउलीच्या शेजारी कुठल्या तोंडाने बसू, सांगा.