बटाट्याच्या पाण्याचा संशय

आत्मविश्वास हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. आवाज चढवणारा, माघार न घेणारा मनुष्य आपल्याला निश्चयी वाटतो. परंतु ज्याची आपल्या सत्यावर खरी श्रद्धा असते, तो त्याला परीक्षेच्या अग्नीत घालायला कचरत नाही. संशोधनसंस्थेत सारे ज्यांना ‘बुरशीबाई’ म्हणत, त्यांची श्रद्धा या जातीची होती.

बटाट्याची मुळे कुजवणाऱ्या बुरशीच्या अभ्यासात बाईंची हयात गेली. उतारवयात त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. पानांवर पिवळे डाग उठवणारा वनस्पतींचा विषाणू या बुरशीच्या तंतूंतही नांदत होता. वनस्पतीचा विषाणू बुरशीत शिरत नाही, हा समज जाणत्यांत दृढ होता. म्हणून त्यांचा लेख एका मान्यवर नियतकालिकाने स्वीकारला, तेव्हा संचालक स्वतः खोलीत येऊन अभिनंदन करून गेले.

धाकटे दीर त्याच संस्थेच्या विषाणू विभागात होते. एकदा जेवताना त्यांनी सहज विचारले, बुरशी वाढवता कशावर? बाईंनी सांगितले: बटाटे उकळायचे, त्या पाण्यात साखर आणि अगार घालून ते बशीत थिजवायचे. बटाटे विकत कशाला आणायचे, संस्थेच्याच वाफ्यातले घेतो.

दिरांचा घास हातातच राहिला. त्या वाफ्यात त्यांनीच मुद्दाम हाच विषाणू टोचलेली बटाट्याची झाडे लावली होती.

“वहिनी, आजारी नक्की कोण? तुमची बुरशी, की तुमचं बटाट्याचं पाणी?”

उकळल्याने विषाणू निकामी झाला, तरी त्याचे अवशेष चाचणीत उतरू शकतात, हे बाईंना समजावून सांगावे लागले नाही. यजमान म्हणाले, लेख छापून येऊ दे, पुढचे पुढे पाहू. बाईंनी शांतपणे पाण्याचा पेला खाली ठेवला.

“लेख उद्याच मागे घेते. विषाणू बुरशीत असेल, तर तो पळून जाणार कुठे?”

हातातोंडाशी आलेले यश दवडले म्हणून संचालक रुसले. काहींनी बाईंचे वय काढले. बाईंनी मात्र बुरशीच्या एकाच तंतूचे टोक कापून ते केवळ साखर आणि क्षार घातलेल्या बशीत लावले. वाढले की पुन्हा टोक, पुन्हा नवी बशी. निव्वळ अवशेष असते, तर ते प्रत्येक बदलीत विरळ होत नाहीसे झाले असते. विषाणू टिकला. ती बुरशी निरोगी रोपाच्या मुळाशी ठेवली, तेव्हा काही आठवड्यांत पानांवर पिवळे डाग उमटले. चाचणी बाईंनी हट्टाने दिरांकडूनच करवून घेतली.

निकालाचा कागद पुढे ठेवत दीर म्हणाले, “वहिनी, लिहा आता. या वेळी मला काही विचारायचं नाही.”

लेख छापून आला. त्याला आता बराच काळ लोटला. बाई आज नाहीत. त्यांच्या बुरशीचा तो वाण संस्थेत जिवंत आहे, आणि विषाणू त्याच्यात आहे.