सावंतांचा ग्रीक

सावंतांना कुणी काही सुचवलं की ते मूर्तीच्या मातीनं भरलेले हात पुसत म्हणायचे, "ग्रीकाला विचारून सांगतो." ग्रीक म्हणजे पॉलिक्लिटस, अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेला मूर्तिकार. सावंत मात्र असे बोलायचे की वाटावं, तो पलीकडच्या गल्लीत राहतो. अ‍ॅमस्टेलव्हीन या हॉलंडमधल्या गावातल्या त्यांच्या गॅरेजात त्या ग्रीकाच्या भालेवाल्या गड्याची प्लास्टरची नक्कल उभी होती. तिच्या खांद्यावर सावंत कोट टांगायचे.

मी सातवी नापास. मला त्यातलं काय कळणार. पण माझी सुमन गेल्यावर मी तिथंच जाऊन बसायचो, घरात बसवत नव्हतं. मुलानं, नितीननं, आणि सुनेनं सुमनला जिवंतपणी फार सुधारलं होतं. "आई, ट्रॅममध्ये हळू बोल, सगळे बघतात." "आई, कुंकू छोटं लावा ना." शेवटच्या वर्षी तिनं बोलणंच सोडलं. ते मी माफ केलेलं नाही.

वर्षश्राद्धासाठी नितीननं सावंतांना आईचा अर्धपुतळा करायला सांगितला. मग रोज फोनवर सूचना. नाक बारीक करा, पुढचा दात आत घ्या, हसरी करा. सावंत म्हणायचे, "बरं, तसं करू."

मी चिडलो. "तुम्हीपण त्यांच्यातलेच निघालात."

"आबा, जरा दम धरा. आमच्या ग्रीकानं एकदा लोकांचं ऐकून एक मूर्ती केली आणि कुणाचंच न ऐकता दुसरी. मग दोन्ही शेजारी ठेवल्या." त्यांनी कोपऱ्यातलं ओलं फडकं उचललं. खाली मातीत दुसराच चेहरा घडत होता. "सांगा, सुमनताई रागावल्या की कशा दिसायच्या?"

"खालचा ओठ आत घ्यायची," मी म्हटलं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दोघं आले. पहिली मूर्ती बघून सून हसली. "काका, ही तर विम्याच्या जाहिरातीतली बाई वाटते."

"ही आई नाहीच," नितीन म्हणाला.

सावंतांनी दुसऱ्या मूर्तीवरचं फडकं काढलं. नितीननं वाकून पायातले बूट काढले.

"जिला हसलात ती तुम्ही केलेली," सावंत म्हणाले. "ही मी केली."

नितीन पुढे सरकला तसा मी आडवा झालो. "तुझी ती. हॉलमध्ये मांड. ही माझ्या खोलीत राहील."

सावंत या थंडीत गेले. दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा म्हणाले, "आबा, आता पोराला आत येऊ द्या. मी ती सूड म्हणून केली नव्हती."

"मी सूड म्हणूनच ठेवली आहे," मी म्हटलं.

पाहुणे येतात, हॉलमधली मूर्ती बघून विचारतात, "ह्या कोण?" मी खोलीत चहा बाजूला ठेवून ऐकतो. नितीन म्हणतो, "आई." परवा ते म्हणताना त्याचा आवाज कातर झाला. मी उठलो आणि दाराची कडी नीट लागली आहे का बघितली.