सातच्या गाडीतली जागा

गुणवंत गेल्याची बातमी मला ज्या माणसानं दिली, त्या माणसानं जन्मभर गुणवंतच्या नावानं तक्रारी करण्यापलीकडे काहीही केलेलं नाही. अमरावतीच्या एका मोठ्या कॉलेजचे हे क्रीडा संचालक. नाव लिहीत नाही. वाचून ते स्वतःला ओळखतील, आणि ओळखूनही त्यांना लाज वाटणार नाही, याची मला खात्री आहे. रविवारची दुपार होती. मी अकोल्याला घरी जेवून आडवा झालो होतो आणि फोन वाजला. "सर, फार मोठी हानी झाली हो. आपले गुणवंत सर गेले. हार्ट." आपले! इतकी वर्षं 'तो मोर्शीवाला' होता, श्वास थांबल्याबरोबर 'आपला' झाला. मग पुढे साहेबच म्हणाले, "आपण इकडे मोठी शोकसभा घेऊन राहिलो. तुम्ही त्यांचे जुने मित्र. दोन शब्द बोला. फक्त जरा पॉझिटिव्ह बोला." मी फोन ठेवला. मग लक्षात आलं, रविवार आहे... रविवारी सराव नसायचा. मरायलाही या गड्यानं सुट्टीचाच दिवस काढला.

मी शाळेत मास्तर होतो आणि विद्यापीठाच्या खो-खो स्पर्धांना पंच म्हणून शिट्टी घेऊन उभा राहत आलो. गुणवंत माझा खेळशिक्षणाच्या कोर्समधला दोस्त. अमरावतीला एका खोलीत आम्ही एकाच स्टोव्हवर खिचडी जाळली. पुढे मी अकोल्याला लागलो आणि तो मोर्शीच्या एका लहानशा कॉलेजात. लहानसं म्हणजे किती? अर्धे वर्ग टिनाखाली, ग्रंथालयात चार कपाटं, त्यातल्या एकाची किल्ली हरवलेली. अशा कॉलेजच्या मुलींनी वर्षानुवर्षं, सलग, विद्यापीठाची खो-खोची ढाल दुसऱ्या कोणाच्या हाताला लागू दिली नाही. मुली बदलल्या, त्यांची लग्नं झाली, नव्या आल्या, ढाल मात्र मोर्शीतच. मोठ्या कॉलेजांकडे काय नव्हतं? ट्रॅकसूट होते, जिम होती, आहारतज्ज्ञ होत्या. एका संघासोबत तर मन खंबीर करणाऱ्या बाई यायच्या. पहिल्या डावात पाच गडी बाद झाले की सगळ्यात आधी त्या बाईंचं मन खचायचं.

मग सुरू व्हायच्या चहाच्या टपरीवरच्या बाता. मोर्शीवाला मुलींची वयं लपवतो. मोर्शीवाला परतवाड्याच्या पलीकडून मेळघाटातल्या पोरी आणतो, त्या जन्मतःच पळतात. मोर्शीवाल्यानं पंच फिरवले. हे शेवटचं माझ्या तोंडावर म्हणायची हिंमत कोणाची झाली नाही, कारण अकोल्याच्या, म्हणजे माझ्याच गावच्या मुलींना मी त्याच्याविरुद्ध बाद देत होतो आणि गावात शिव्या खात होतो. एका वर्षी त्याच्याच कप्तान मुलीला मी फाऊल दिला, तर गुणवंत मैदानाबाहेरून ओरडला, "बरोबर हाय! पाय नाही उचलता येत का वं तुले?" असा हा माणूस. गोड वगैरे अजिबात नव्हता. जिंकल्यावर मुलींची पाठ थोपटताना मी त्याला पाहिलं नाही. जिंकल्याबरोबर घड्याळ पाहायचा आणि म्हणायचा, "चला, उरका. गाडी जाईन."

ती गाडी म्हणजेच सगळं गुपित होतं, आणि ते गुपित कधी लपवलेलंच नव्हतं. त्याच्या कॉलेजातल्या बहुतेक मुली आतल्या खेड्यांतून यायच्या, संत्र्याच्या बागांमधून, पार डोंगराच्या पायथ्यापासून. कोणाच्या घरी शेती, कोणाची आई मजुरीला, कोणाचे वडील शाळेत शिपाई. कॉलेज सुटलं की पाचची गाडी. ती गेली की सातची मुक्कामी, जी शेवटच्या गावी जाऊन रात्रभर तिथंच उभी राहते. आता सातच्या गाडीनं कुठला बाप आपल्या पोरीला एकटं येऊ देईल? गाडीत दारू पिऊन झुलणारे दोन-तीन ठरलेले. फाट्यापासून गावापर्यंत अंधार. म्हणून सगळ्या कॉलेजांचं एकच चाले. मुली पाचला घरी, आणि स्पर्धा पंधरा दिवसांवर आली की दुपारचे तास बुडवून धावाधाव. गुणवंतनं पहिल्याच वर्षी घरोघर जाऊन बापांना सांगितलं, "पोरगी सातच्या गाडीनं येईन. मी तिच्यासंग येईन. दारात सोडीन." आणि तो रोज गेला. कंडक्टरच्या मागची जागा, मांडीवर बॅटरी. निघायच्या आधी बॅटरीचं बटन दाबून आपल्याच तळहातावर उजेड पाडून पाहायचा. फाट्यावर उतरून मुलीला घरच्या दारापर्यंत, तोवर गाडी थांबलेली. ड्रायव्हर कुरकुरला नाही, कारण त्याची पुतणी संघात होती. शेवटच्या गावाहून परत कसा यायचा? संत्र्याच्या दिवसांत संत्र्याच्या मेटाडोरवर, एरवी दूधवाल्याच्या, नाही तर कोणाच्या तरी मोटरसायकलवर. असं पूर्ण वर्ष, पूर्ण नोकरी. निवृत्त झाला तर त्याच्या जागेवर कोणाला नेमलंच नाही, म्हणून निवृत्तीनंतरही तेच. इतर मुली पंधरा दिवस खेळायच्या, त्याच्या मुली वर्षभर खेळायच्या. यात काय जादू आहे हो? पण जादू नाही म्हटलं की मग रोज गाडीत बसावं लागतं ना!

एकदा मात्र मोठ्या कॉलेजनं मनावर घेतलं. लागोपाठ हरून हरून त्यांच्या संस्थेच्या अध्यक्षांचं डोकं फिरलं आणि त्यांनी एक समिती नेमली. विषय काय, तर 'मोर्शीच्या यशाचा अभ्यास'! समिती दोन गाड्या भरून मोर्शीला गेली, पुढच्या गाडीत आमचे संचालक साहेब. मी तेव्हा गुणवंतकडेच मुक्कामाला होतो, म्हणून हा तमाशा डोळ्यांनी पाहिला. साहेबांनी मैदान चालून पाहिलं, खांब हलवून पाहिले, मुलींना काय खाता म्हणून विचारलं. "भाकर," मुली म्हणाल्या, तेही लिहून घेतलं. मग साहेब गुणवंतला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, आता खरं सांगा. आपल्यातच राहील." गुणवंत म्हणाला, "संध्याकाळी सातच्या गाडीत माह्यासंग बसा. सांगतो." साहेब खो-खो हसले. "तुम्ही पण ना सर, मस्करी करता!" आणि पाचच्या आत समिती संत्र्याची पेटी घेऊन अमरावतीला पोचलीसुद्धा.

अहवालात निष्कर्ष काय निघाला असेल? माती! मोर्शीच्या मैदानाची माती वेगळी आहे, तिच्यात पाय धरतो. पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टर हजर. गुणवंतला विचारलं तर तो म्हणाला, "घेऊन जा बाप्पा. माती लय हाय." वर मजुरांना चहा पाजला. आता गुणवंतचं मैदान मुरमाचं होतं, त्यानं आणि मुलींनी दर दिवाळीनंतर पाणी मारून, धुम्मसानं ठोकून बनवलेलं. मजुरांना खणायला सोपी म्हणून त्यांनी बाजूच्या वावरातली काळी माती ट्रॉलीत भरली. साहेबांना तेवढंही कळलं नाही. वऱ्हाडात जन्म गेला आणि काळी माती ओळखता येत नाही! ती अमरावतीच्या मैदानावर अंथरली, नारळ फोडला, फोटो निघाले. पाऊस पडला तसा मुलींच्या बुटांना दोन-दोन किलो चिखल. हिवाळ्यात वाळली तशा भेगा, अशा की त्यात पाय जाऊन त्यांच्या सगळ्यात चांगल्या मुलीचा घोटा मुरगळला. त्या वर्षी ते उपांत्य फेरीतही नव्हते. मी हे गुणवंतला हसत सांगितलं, तर तो हसला नाही. त्या मुलीचा पाय कसा आहे, एवढंच त्यानं विचारलं.

मात्र एक माणूस होतं, ज्याला गुणवंतच्या ढालींचं काडीचं कौतुक नव्हतं, आणि त्याचा राग मला सगळ्यात रास्त वाटत आला. गुणवंतची बायको, शोभावहिनी. तिनं खो-खोचा एकही सामना पाहिला नाही. ढाली घरात आल्या की पलंगाखाली ढकलायची. त्याच मुक्कामात मला ताट वाढून ती म्हणाली, "तुमी जेवून घ्या भाऊजी. त्यांचा नेम नाही." मी म्हटलं, थांबतो. तर म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी थांबूनच राहिली. मले सवत हाय भाऊजी. लाल रंगाची हाय, सातले सुटते." मी हसलो. ती हसली नव्हती. भाकर फडक्यात बांधून, वरण चुलीच्या कडेला ठेवून दाराशी जाऊन बसली. पोरांची दुखणी, सणवार, नातेवाइकांची लग्नं, सगळ्या संध्याकाळी त्या गाडीनं खाल्ल्या. गुणवंतला मी एकदा बोललोही, "अबे, घरच्या बाईचा तरी विचार कर." तर तो म्हणाला, "तिले मी दिसतो तरी रोज. त्या पोरी पाचले गेल्या त मंग कोनाले दिसत नाही."

शोकसभा झाली. एसीचा हॉल, स्टेजवर फ्लेक्स. फोटोसाठी धावपळ झाली म्हणे, कारण ढाल घेताना गुणवंत कुठल्याच फोटोत नाही, त्या वेळी तो जीपमध्ये मुलींना कोंबत असायचा. शेवटी एका कोपऱ्यात सापडला, तोच मोठा करून लावला. त्यात तो घड्याळाकडे पाहतोय. सभाभर तो वर बसून घड्याळ पाहत होता आणि खाली एकेक जण उठून 'तपस्वी', 'द्रष्टे', 'निष्काम' असे शब्द सांडत होता. ज्यांनी वयाच्या तक्रारी केल्या ते रडले. ज्यांनी पंच फिरवल्याची आवई उठवली ते जास्त रडले. मग साहेबांनी घोषणा केल्या. गुणवंत सरांच्या नावे फिरता चषक, गुणवंत सरांच्या नावे सिंथेटिक मॅट, आणि मोर्शीच्या कॉलेजला कमान. टाळ्या. शोकसभेत टाळ्या!

टाळ्या संपल्या तशी मागून एक मुलगी उभी राहिली. आचल, यंदाची कप्तान, शेवटच्या गावची. बौद्ध वस्तीतली पोर, बाप गवंडीकाम करतो. तिला कोणी बोलायला बोलावलं नव्हतं. "सर, मॅट नाही पाहिजे," ती म्हणाली. "सातच्या गाडीनं आमच्यासंग कोन येईन, ते सांगा. सर गेले तवापासून आमी पाचले घरी जातो. माह्या बाबानं सांगतलं, सर नाही त सराव नाही. दोघी जनी त सोडून बी गेल्या." स्टेजवर किती प्राध्यापक, किती संचालक, किती अध्यक्ष! सगळ्यांकडे चारचाकी. एकानंही मान वर केली नाही. शेवटी साहेबांनी माइक घेतला. "बेटा, तुझा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपण तो योग्य त्या समितीपुढे ठेवू." समिती! मला तिथल्या तिथे काळी माती आठवली. माझे दोन शब्द मी बोललो नाही. जे दोन शब्द तोंडात आले होते ते पॉझिटिव्ह नव्हते. बाहेर आलुबोंडे आणि चहा होता आणि लोक त्यावर तुटून पडले. शोभावहिनी पहिल्या रांगेतून उठली, कोणाशी न बोलता पायऱ्या उतरली. खाली आचल उभी होती, तिच्याशी काहीतरी दोन वाक्यं बोलली आणि निघून गेली.

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहा म्हणून मला सांगितलं गेलं, तेव्हा मी ठरवलं की मोर्शीला जाऊन ते ओसाड मैदान डोळ्यांनी पाहायचं आणि मग एकेकाची सालं काढायची. मागच्या मंगळवारी गेलो. सहा वाजून गेले होते. मैदानावर कोणी नसणार हे धरूनच चाललो होतो... तर लांबूनच 'खो' ऐकू आला. मुली पळत होत्या. सोडून गेलेल्या दोघीही होत्या. आचल घसा फोडून ओरडत होती, "पाय नाही उचलता येत का वं?" मी काही न विचारता त्यांच्या मागे मागे स्टँडवर गेलो. मुक्कामी गाडी लागलेली होती. मुली चढल्या, मी खिडकीपाशी गेलो. कंडक्टरच्या मागच्या जागेवर शोभावहिनी बसली होती. मांडीवर पदराच्या ओट्यात तुरीच्या शेंगा, बाजूला गुणवंतची बॅटरी.

"वहिनी, तुमी?" माझ्या तोंडून निघालं. "तुमाले त हे गाडी डोळ्यासमोर नको होती."

"आताही नको हाय," ती शेंगा सोलत म्हणाली. "लय आदळते." मग थांबली. "घरी बसून करू काय भाऊजी? सात वाजले की दारात जाऊन बसाची सवय. सांगा, आता कोनाची वाट पाहू?"

तेवढ्यात ती मागे वळून मुलींवर खेकसली, "खिडकीतून हात अंदर घ्या वं!" कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलायच्या आधी तिनं बॅटरी उचलली, बटन दाबलं आणि आपल्या तळहातावर उजेड पाडून पाहिला, अगदी गुणवंतसारखा. या गाडीत ती कधी बसली नव्हती. घरातून निघतानाही तो हे रोज करत असणार, आणि भाकर थापता थापता डोळ्याच्या कोपऱ्यातून ती ते रोज पाहत असणार.