पेद्रूची निरगाठ

पिंपळावर पिंपळाच्या पानांशिवाय काही नसतं, असं मी ठाण्याच्या शाळेत कैक वर्षं पोरांना सांगत आलो. कोणी मुंजाची, हडळीची गोष्ट काढली की सगळ्या वर्गासमोर त्याची फिरकी घ्यायचो. तेव्हा वाचकांनी मला भित्रा म्हणायला हरकत नाही, पण भोळा म्हणू नये. पुढचं सगळं मी दिवसाउजेडी, शुद्धीत असताना पाहिलं आहे.

माझा स्नेही पेद्रू बाळकुमचा. ख्रिस्ती शेतकरी, खाडीकाठी थोडी भातजमीन आणि एक लहान होडी. शिकारीचा विलक्षण नाद. बंदुकीला लायसन लागण्याचा कायदा झाला आणि त्याची बापाच्या वेळची ठासणीची बंदूक कचेरीत जमा झाली. माणूस महिनाभर तोंड पाडून बसला होता. मग एक दिवस शाळा सुटताना दारात उभा — हातात बांबूचा नवा कमठा!

"मास्तर, कायदा बंदुकीला हाय. कमठ्याला नाय."

बेत असा होता की नाताळच्या जेवणाला बेटावरचं हरीण तीरकमठ्यानं मारून आणायचं. हे बेट बाळकुमहून घोडबंदरच्या अंगाला, खाडीच्या ऐन मध्यात आहे. चहूकडून तिवरं, मधे थोडी उंच जागा आणि गोड्या पाण्याचं एक डबकं. बाण तीस पावलांपलीकडे भरवशाचा नाही, म्हणून आधी एकदा जाऊन सगळं बघून ठेवायचं होतं. हरणांची वाट कुठली, वारा कुठून येतो, लपायला झाड कुठलं. मी नकाशे बरे काढतो, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर शिकारीपेक्षा सहलीची हौस मला जास्त होती.

कार्तिक शुद्ध त्रयोदशीला निघालो. खाडीकाठची माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात — तिथीची पाऊणपट करायची. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे पावणेदहाला भरती पुरी, पावणेचारला ओहोटी पुरी. ओहोटीबरोबर खाली जायचं, भरतीबरोबर परत यायचं. पौर्णिमा दोन दिवसांवर, त्यामुळे पाणी उधाणाचं. रात्रीच्या भरतीला ते बेट जवळजवळ सगळं बुडतं, असं पेद्रूनं वाटेतच बजावलं.

बेटावर उतरलो तिथे कमरेएवढं उंच गवत होतं. पेद्रूनं एक झुबका धरून त्याला गाठ मारली.

"तुमी पन मारा. जेवढी मानसं आत, तेवढ्या गाठी. जाताना ज्यानं त्यानं आपलीच सोडायची. दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा नाय."

"का रे? लावला तर काय होईल?"

"होडीवाल्याला कसा कळंल, आत कोन राहिला?"

चोख व्यवहाराची गोष्ट, मला पटली. मी शेजारच्या झुबक्याला सुरगाठ मारली, ओढली की सुटणारी. पेद्रूची निरगाठ होती, पक्की आवळलेली.

मग चारपाच तास आम्ही ते बेट पालथं घातलं. चिखलात खुरांचे माग होते, लेंड्या ताज्या होत्या, एका खोडाची साल शिंगं घासून सोलली होती. डबक्यापासून वीस पावलांवर एक जुनं भेंडीचं झाड सापडलं, भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठी होणारा मोठा वृक्ष. पेद्रू वर चढून बसला, दोन बाण सोडून पाहिले, खूश झाला. मी नकाशात त्या झाडाला फुली मारली. मात्र एक गोष्ट माझ्या तेव्हाच ध्यानात आली होती. खुरांचे सगळे माग काठाकडून आत जाणारे होते. बाहेर येणारा एकही नव्हता... मी तसं म्हणालो तेव्हा पेद्रू नुसता "हूं" म्हणाला.

पाच वाजून गेले. "तुमी होडीकडं चला," पेद्रू म्हणाला, "मी पलीकडची बाजू एकदा बगून येतो."

मी एकटाच निघालो. ती वाट जेमतेम पाच मिनिटांची, पण अंगावर काटा आला. एक पाखरू बोलत नव्हतं. काठावर आलो तर पाणी चढायला लागलेलं. कधी एकदा होडीत बसतो असं झालं होतं. घाईघाईनं गवतातली गाठ सोडायला बसलो. सुटेना. नखं लावली, दात लावले, तेव्हा सुटली. सुरगाठीला एवढा वेळ लागत नाही, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

मी होडीत बसतो न बसतो तोच पेद्रू गवतातून आला. सरळ येऊन पुढच्या टोकाला पाठमोरा बसला आणि वल्हं हातात घेतलं.

"अरे, गाठ नाही सोडलीस?"

"सुटली की," तो म्हणाला.

मी मागे वळून पाहिलं. गवतात एकच गाठ राहिली होती. माझी. सुरगाठ. मी पेद्रूची सोडली होती.

"आणि कमठा कुठे तुझा?"

"राहिला आत. जाऊ द्या."

होडी दोन हात सरकली असेल, तेवढ्यात बेटाच्या आतून हाक आली.

"मास्तर! ओ मास्तर! वाट कुठं गेली?"

आवाज पेद्रूचा होता. दहा वर्षांच्या ओळखीतला आवाज, त्यात फसगत होणं शक्य नाही. समोर पेद्रूची पाठ, त्याचा तोच घामानं काळपटलेला सदरा, आणि मागून पेद्रूची हाक.

"मास्तर, माजी गाठ सोडलीव काय? मारा परत! पानी आत आला!"

मी होडीच्या काठावरून वाकून गवताकडे हात नेला. झुबके अर्धे पाण्यात गेले होते. एक हाताला लागला, त्याला गाठ मारायला गेलो तर ओलं गवत निसटून गेलं. उडी मारली असती तर पाणी छातीपर्यंतसुद्धा नव्हतं. हे मी नंतर हजार वेळा मोजलं आहे.

"ऐकू नका," पुढचा न वळता म्हणाला. "चला."

त्यानं वल्हं मारलं आणि मी बसून राहिलो. खोटं कशाला सांगू — भीतीनं बसून राहिलो. हाका वळणापर्यंत ऐकू येत होत्या. शेवटच्या हाकांत माझं नाव नव्हतं, नुसतं "आये... आये..." होतं.

बाळकुमला लागलो तेव्हा तो वळला. पेद्रूच होता. हनुवटीवरचा विळ्याचा वण, पुढचा तुटका दात, सगळं जागच्या जागी. "मास्तर, तोंड का उतरला तुमचा?" म्हणून हसला. हाकांचं विचारलं तर म्हणाला, "पाखरू असंल."

दुसऱ्या दिवशी मी एका कोळ्याची होडी घेऊन ओहोटीला बेटावर गेलो. उधाणानं चिखल धुऊन काढला होता, माणसाचा माग नाही, खुराचा नाही. पण भेंडीच्या झाडाच्या अगदी शेंड्याला, भरतीचं पाणी पोचणार नाही अशा फांदीला, पेद्रूचा कमठा अडकवलेला होता. आम्ही दोघं बरोबर होतो तोवर कोणीही तेवढं वर चढलं नव्हतं. मी खूप हाका मारल्या. कोळी माझ्याकडे संशयानं बघायला लागला तेव्हा परत फिरलो.

नाताळला हरीण आलं नाही. पेद्रूनं शिकार सोडली ती सोडलीच. पुढे माझी बदली कल्याणच्या शाळेत झाली आणि, मनात लाज असल्यामुळे, बाळकुमला जाणं मी टाळू लागलो. गेल्या वर्षी पेद्रूची बायको रोजा कल्याणच्या बाजारात भेटली. अंगावर नवं लुगडं, तब्येत सुधारलेली. मी खुशाली विचारली. ती इकडंतिकडं बघून जवळ आली.

"मास्तर, त्या दिशी तुमी याला कुठना आनलात?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"ताडीला शिवत नाय. माज्यावर हात उचलत नाय. पोरांना पुढ्यात घेऊन जेवतो. शेत बगतो, देवलात येतो." तिचे डोळे भरून आले होते. "पन हा माजा दादला नाय, मास्तर. बायकोला कळतो."

"रोजाबाई..."

"कुठना पन आनला असंल," ती माझा हात घट्ट धरून म्हणाली, "परत नेऊ नका."

मी नाही नेणार, असं तिला वचन दिलं. बेटावरून आलेल्या हाकांबद्दल मात्र एक अक्षर बोललो नाही. हा काय प्रकार होता ते मला आजही कळलेलं नाही. ती म्हणते ते खरं असेल, तर तिच्या नवऱ्याला मी चढत्या पाण्यात सोडून आलो, आणि तो शेवटपर्यंत मलाच हाका मारत होता.